कृपया आहेर आणू नये

आगमनकाळाचा पहिला रविवार. सकाळची मिस्सा करून घरी येऊन टेकतो न टेकतो तोच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादाचं परिपत्रक येऊन पडलं. दादा बँकेतून निवृत्त झाला, पण परिपत्रकं काही दादातून निवृत्त झाली नाहीत.

"विषय : नाताळ. यंदा कुटुंबातील कोणीही कोणालाही भेटवस्तू देऊ नये. भेटीपोटी एक रुपयाही खर्च होता कामा नये. प्रभू गोठ्यात जन्मला, मॉलमध्ये नाही. सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी." खाली सहीच्या जागी आडनावासकट पूर्ण नाव. एरवी सख्ख्या बहिणीला पत्ता लागला नसता, हे कोण बोलतंय ते.

मी तत्काळ अंगठा दिला. बाकीच्यांना विचार करायला वेळ लागला, मला लागला नाही. उपवासकाळाचे चाळीस दिवस लोक जिभेवर जो ताबा ठेवतात, तो मी बारा महिने पाकिटावर ठेवतो. नाताळच्या भेटी हा माझ्या तपश्चर्येचा दरवर्षी होणारा भंग होता. बायकोने अंगठा पाहिला आणि म्हणाली, "एवढ्या चपळाईने तू लग्नात 'हो' म्हणाला नव्हतास."

तसं पाहिलं तर दादाच्या म्हणण्यात तथ्य होतं. आमच्या वसईत कुणी नवं घर बांधलं की फादर येऊन घराला आशीर्वाद देतात आणि पाहुणे येऊन शेवटच्या भोजनाची तसबीर देतात. ही तसबीर कुणाला नको असते, पण ती टाकून देता येत नाही. रद्दीवाल्याला येशू आणि बारा प्रेषित किलोवर घालायचे कसे? दुसऱ्याला द्यावी तर दुसऱ्याकडेही आधीच्या दोन असतात. नाताळात घर आवरायला काढलं की ज्याला त्याला आपापल्या जादा तसबिरीची आठवण होते आणि ती चमकी कागदात गुंडाळून मार्गस्थ होते. आमच्या जेवणाच्या खोलीत आता टेबलाशी बसणाऱ्यांपेक्षा भिंतीवर जेवणारे जास्त आहेत. एक तसबीर तर अशी परत आली, की मागे बायकोच्याच अक्षरात 'सप्रेम भेट' लिहिलेलं होतं.

तेव्हा बंदीला माझा मनापासून पाठिंबा. फक्त एक गोष्ट माझ्या तेव्हा ध्यानात यायला हवी होती. आपल्याकडे लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात 'कृपया आहेर आणू नये' असं छापतात, आणि ते वाचून आजवर एकाही माणसाने घरी पाकीट विसरलेलं नाही. उलट दोन पाकिटं नेतो माणूस. एक रिकाम्या हाताने आल्यासारखं दिसावं म्हणून खिशात, आणि दुसरं, बाकीच्यांनी आणलंच असेल तर काढायला, दुसऱ्या खिशात.

दुपारपासूनच ग्रुपवर शंकासमाधान सुरू झालं.

"केक भेटीत धरायचा का?" ताईने विचारलं.

"केक हा खाद्यपदार्थ आहे," दादा.

"चॉकलेटं?"

"सुटी असतील तर खाद्यपदार्थ. डब्यात असतील तर भेट."

"आणि वाइन?" हे दाजी. इतका वेळ ते ग्रुपवर आहेत हेही कुणाच्या लक्षात नव्हतं.

यावर दादाने बराच विचार केला असावा, कारण उत्तर संध्याकाळी आलं. "घरची असेल तर चालेल."

"माझ्या घरूनच आणेन," दाजींनी कळवलं.

माझ्या मुलीला एकच शंका होती. नाताळबाबाला हा नियम लागू आहे का? दादाने निवाडा दिला, की नाताळबाबा कुटुंबातील सदस्य नसल्यामुळे त्यास सदर नियम बंधनकारक नाही. "मग त्याला पैसे कोण देतं?" तिने लिहिलं. ग्रुपवर एकदम शुकशुकाट झाला. त्या दिवशी पुन्हा कुणी काही लिहिलं नाही.

आई ग्रुपवर नाही. तिला परिपत्रक वाचून दाखवलं. तिने ते पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "हा नाताळ आहे की गुड फ्रायडे?"

आत्याने मात्र सरळ धर्मग्रंथावर बोट ठेवलं. पहिल्या नाताळाला भेटी आल्या होत्या, त्याचं काय? दादा म्हणाला, शुभवर्तमान नीट वाच. मेंढपाळ आले ते रिकाम्या हाताने आले, आणि देवदूताचं आमंत्रण त्यांनाच होतं. आत्या म्हणाली, ते लूकच्या शुभवर्तमानात. मत्तय वाच! पूर्वेकडचे ज्ञानी लोक आले आणि त्यांनी सोने, ऊद व गंधरस अर्पण केला. मत्तय पूर्वीचा जकातदार, कुणी काय आणलं ते तो बरोबर टिपून ठेवणार. आणि आणखी एक गोष्ट तिने सांगितली, ती मी आजवर कुठल्याच प्रवचनात ऐकली नव्हती. ते ज्ञानी लोक किती होते, हे शुभवर्तमानात कुठेच लिहिलेलं नाही. भेटी तीन, म्हणून आपण माणसं तीन धरतो. "बाकीचे काही न आणता आले असतील," आत्या म्हणाली. "म्हणून तर राहिले ना नोंदीशिवाय!"

हा मुद्दा माझ्या काळजाला लागला. पण मी अंगठा देऊन बसलो होतो.

दादाचा निश्चय मात्र अढळ होता. त्याने सगळ्यांना ओ. हेन्रीची १९०५ सालची ती प्रसिद्ध गोष्ट सांगितली, 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय'. नवऱ्याच्या घड्याळाला साखळी आणायची म्हणून बायको आपले लांबसडक केस विकते, आणि तिच्या केसांसाठी कंगवे आणायचे म्हणून तो घड्याळ विकून येतो. "बघा, दोन्ही भेटी वाया," दादा म्हणाला.

"निदान त्याने बायकोसाठी काही आणलं तरी," वहिनी म्हणाली.

"आणि दादांना केस विकून काही आणायचं म्हटलं तरी सोय नाही," दाजी म्हणाले. दाजी वर्षातून मोजकीच वाक्यं बोलतात आणि ती सगळी नाताळाच्या आसपास येतात.

दादाच्या मदतीला माझा भाचा धावला. तो अर्थशास्त्र शिकतो आणि घरात ते कुणी विचारत नाही, याची त्याला खंत आहे. १९९३ साली जोएल वॉल्डफोगेल नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, की तुम्हाला नाताळात मिळालेल्या वस्तूंसाठी, भावनेची किंमत सोडून, तुम्ही स्वतः किती पैसे मोजले असते? हिशेब असा निघाला, की देणाऱ्याने घातलेल्या पैशांतला दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग नुसता हवेत जातो. भाचा इथेच थांबला असता तर सगळं सुरळीत होतं. पण विद्वान माणूस योग्य जागी कधी थांबत नाही. "आणि सगळ्यात जास्त नुकसान," तो म्हणाला, "काका, मामा, आत्या, आजी यांनी आणलेल्या वस्तूंत होतं."

आत्याने त्याला गेल्या वर्षी स्वतः विणलेला स्वेटर दिला होता. "भावनेची किंमत सोडून म्हणजे?" ती म्हणाली. "मग उरलं काय, लोकर?" तेव्हापासून भाचा घरात शिरला की आत्या विचारते, "काय रे, आज किती टक्के?"

शेवटी लोकमताचा रेटा पाहून दादाने शुद्धिपत्रक काढलं. 'स्वहस्ते बनवलेली वस्तू देण्यास हरकत नाही, मात्र तीवर खर्च झालेला नसावा.' या एका ओळीने आमच्या घराचा कारखाना झाला. ताईकडे राजेळी केळ्यांची चार झाडं आहेत, तिने सुकेळी वाळत घातली. ती सुटली. माझ्याकडे बाग नाही आणि अंगात कला नाही. माझ्याकडे काय होतं, तर मेणबत्त्यांची थोटकं. आमच्या समाजातल्या कुठल्याही घरात कपाटाचा एक खण या थोटकांचा असतो. बाप्तिस्म्याची, मिरवणुकीची, वीज गेल्याची, अशी सगळी थोटकं तिथे एकत्र नांदत असतात. मी ठरवलं, ती वितळवायची, नारळाच्या करवंटीत ओतायची आणि सुंदर मेणदिवे करायचे. खर्च शून्य. यूट्यूबवर एक बाई हे इतक्या सहज करत होती, की मला तिचा नंतर फार राग आला.

मेण वितळवायला मी चहाचं पातेलं घेतलं, कारण तेच हाताशी होतं. पुढच्या काही दिवसांत आमच्या चहावर जी चकाकी आली, ती पाहून पाहुण्यांनी चहाची पूड कुठली म्हणून विचारलं. पहिल्या दिव्याची वात मेणात बुडून नाहीशी झाली. दुसऱ्यात मी खबरदारी म्हणून सुतळी घातली. तो पेटला, आणि बराच पेटला. सोबत करवंटीही पेटली. ओट्यावरची टाइल तडकली. शेवटी जे धड दिवे निघाले ते मी दाखवायला आत्याकडे नेले. तिने एक हातात घेऊन बारकाईने पाहिला.

"मेण कुठलं रे?"

"घरातलंच. उरलेलं."

"म्हणजे २ नोव्हेंबरचं?"

मी गप्प. मृतांच्या स्मरणदिनी दफनभूमीत लावायला नेलेल्या मेणबत्त्यांतल्या निम्म्या वाऱ्याने विझून परत आल्या होत्या, हे खरं होतं. आत्याने दिवा दोन बोटांनी टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे सरकवला. "मला एवढ्यात नको," ती म्हणाली.

नवं पातेलं, नवी टाइल आणि ती बसवायला आलेला माणूस, असा एकूण खर्च मी दादाला कळवला नाही. दादाही त्या दिवसांत फारसं काही कळवत नव्हता. तो लाकडी पक्षिघर करत होता आणि त्याच्या अंगठ्याला पट्टी होती.

मग मुलीने तोडगा काढला. कुपनं! वहीचं पान फाडायचं, त्यावर लिहायचं, 'हे कूपन दाखवल्यास एक दिवस भांडी घासून मिळतील.' मला ही कल्पना बेहद्द आवडली. कागद जुना, पेन बँकेतून आलेलं, आणि देणं पुढच्या वर्षावर. मी एका बैठकीत सगळ्या कुटुंबाची कुपनं लिहून काढली. आईला 'डॉक्टरकडे नेऊन आणणे', वहिनीला 'गॅसचा सिलिंडर उचलून ठेवणे', दाजींना 'गाडी धुऊन देणे'. बायकोने माझं कूपन वाचलं, चष्मा लावून पुन्हा वाचलं आणि म्हणाली, "खाली 'अटी लागू' असं का लिहिलंय?"

"तशी पद्धत असते."

"अटी कुठल्या?"

अटी मी ठरवल्या नव्हत्या, ठेवून दिल्या होत्या. मुलीने मला दिलेल्या कुपनावर 'एक दिवस मोबाइल न बघता जेवीन' असं होतं आणि वापरण्याची अंतिम तारीख त्याच दिवशीची होती. या मुलीचं पुढे चांगलं होणार.

आता एका खर्चाबद्दल कुणीच तोंड उघडत नव्हतं, तो म्हणजे फराळ. भेटी बंद, म्हणून प्रत्येक घराने ती कसर खाण्यात भरून काढायचं ठरवलं होतं. त्यात आमच्याकडे दिवाळीपासून साठलेले डबे. शेजारपाजारच्या हिंदू घरांतून दिवाळीला लाडू-चिवड्याचे डबे येतात. रिकामा डबा परत द्यायचा नाही हा नियम सर्वधर्मीय आहे, म्हणून ते डबे नाताळापर्यंत आमच्या फळीवर वाट बघत असतात. मग त्यांच्यातून करंज्या, कलकल आणि खजुराचे रोल जातात. त्यांची करंजी येते, आमची करंजी जाते. दोन्ही करंज्या एकाच दुकानातल्या मैद्याच्या. या डब्यांचं काय करायचं म्हणून दादाला विचारलं तर तो म्हणाला, "ती भेट नव्हे. ती परतफेड. थकवली तर खातं बुडीत जाईल."

तेव्हा कलकल करायला सगळं घर बसलं. पिठाची गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची आणि वळवत आणायची, म्हणजे तिला शिंपल्यासारखी रेघ पडते. शंभर कलकल होतात तोवर मजा असते. पुढे मान धरते. पाचशेनंतर माणसं एकमेकांचे जुने हिशेब काढू लागतात, आणि त्याच सुमाराला तेलात पहिला घाणा पडून वास सुटतो म्हणून घरं टिकलेली आहेत. मैदा, साखर, खोबरं, काजू, तूप यांचं बिल वाण्याने दिलं तेव्हा बायको शांतपणे म्हणाली, "एवढ्यात सगळ्यांना एकेक सदरा आला असता."

चोवीस डिसेंबरची रात्र. मध्यरात्रीची मिस्सा झाली, नाताळगोठ्यापुढे फोटो झाले, थंडीत ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांशी हात मिळवून झाले आणि आम्ही सगळे आईकडे जमलो. गोठ्यातल्या ताटलीत उगवलेली नाचणी हिरवीगार दिसत होती. दाजींनी घरची म्हणून बाटली काढली. तिच्यावर नाशिकचं लेबल होतं. मी कुपनांचं पाकीट आणि न विझलेल्या आठवणींचे ते मेणदिवे पिशवीत घेऊन, स्वतःवर खूश होऊन बसलो होतो. एवढ्यात ताईने पर्समधून एक पुडकं काढलं.

"आई, हे भेट नाही हं. सेल होता म्हणून घेतलं."

शाल होती. चांगली, काश्मिरी. वहिनी लगेच उठून आतल्या खोलीत गेली आणि ढीगभर पिशव्या घेऊन बाहेर आली. "हे नुसतं असंच. रंग आवडला म्हणून."

दाजींनी सोफ्यामागून खोकं ओढलं. "घरात पडून होतं." खोक्यावर किमतीची चिठ्ठी होती आणि त्यावर त्याच आठवड्याची तारीख.

आत्याने भाच्याला नवा स्वेटर दिला. "हा विणलेला नाही, विकतचा आहे. यात किती टक्के बुडतात ते बघून सांग."

भाच्याने आत्याला इअरफोन दिले. "हे संशोधनासाठी," तो म्हणाला. त्याला स्वतःलाच ते हवे असणार, अशी आम्हा सर्वांची खात्री होती.

मी दादाकडे पाहिलं. परिपत्रकाचा जनक तो, निदान तो तरी! दादाने पट्टी बांधलेल्या अंगठ्याने खिशातून पाकिटं काढली. जुन्या कोऱ्या नोटा, प्रत्येक पाकिटावर नाव. "रोख रक्कम ही वस्तू नव्हे," तो म्हणाला. "परिपत्रकात 'भेटवस्तू' असा शब्द आहे."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला मत्तयचे ते नोंद न झालेले ज्ञानी लोक आठवले. बायको माझ्याकडे बघत नव्हती, कारण ती आईच्या हातात एक डबी देत होती. "माझ्या एकटीकडून," ती म्हणाली. हा घाव वर्मी होता.

"गाडी नीट लावली का बघून येतो," असं म्हणून मी सटकलो.

नाताळच्या रात्री एक वाजता वसईत भेटवस्तू मिळवणं किती कठीण आहे, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. बेकऱ्या केक विकून विकून दमून झोपल्या होत्या. दुकानांवर तारे लुकलुकत होते आणि शटर खाली होती. सगळ्या रस्त्यात एकच दिवा चालू होता, एका इस्पितळाबाहेरच्या रात्रभर उघड्या औषधांच्या दुकानाचा. मी धावत आत गेलो.

"इमर्जन्सी?" काउंटरवरच्या मुलाने विचारलं.

"हो. घरचे सगळे जमलेत."

त्याने सहानुभूतीने मान हलवली. मी वरून खाली फळ्या बघत गेलो. आईला गरम पाण्याची पिशवी. आत्याला गुडघ्याचे पट्टे, जोडीने. ताईला वाफ घ्यायचं यंत्र. वहिनीला कॅल्शियमच्या गोळ्यांची मोठी बाटली. दाजींना आम्लपित्ताचं औषध, दादाला अंगठ्यासाठी मलम आणि एक जादा पट्टी. भाच्याला काय द्यावं ते सुचेना, म्हणून थर्मामीटर. मुलीला रंगीत चिकटपट्ट्या, ज्यांच्यावर कार्टून असतात त्या. बायकोला काय, यावर मी बराच वेळ उभा राहिलो. शेवटी तिला सगळ्यात महाग वस्तू घेतली, पाठीला मालिश करणारं यंत्र. किंमत ऐकून ते आधी मलाच वापरावं असं वाटलं.

"बिलावर डॉक्टरांचं नाव?" मुलाने विचारलं.

"राहू दे."

"पेशंटचं?"

मी माझंच सांगितलं.

परत गेलो तेव्हा सगळे इंद्यालावर तुटून पडले होते. मी खाकी पिशव्या वाटल्या. "भेट नाही," मी म्हणालो. "औषधपाणी आहे." दादाने पावती मागून घेतली, नीट वाचली आणि वैद्यकीय खर्च वेगळ्या शीर्षकाखाली येतो, असा निर्वाळा दिला. दाजींनी तिथल्या तिथे दोन चमचे औषध घेतलं आणि इंद्याल पुन्हा वाढून घेतलं. ताईने आणलेली काश्मिरी शाल खुर्चीवर घडी न मोडता पडली होती आणि आई गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून सगळ्यांना सांगत होती, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी कामाचं आणलं!"

इथे मी खरं तर सावध व्हायला हवं होतं. पण स्तुती ऐकताना माणूस सावध नसतो.

तीन राजांच्या सणाला, ६ जानेवारीला, दादाचं नवं परिपत्रक आलं. 'पुढील नाताळपासून कुटुंबात केवळ वैद्यकीय उपयोगाच्या वस्तू देण्यात याव्यात. खरेदीचा अनुभव लक्षात घेता हे काम धाकट्याकडे सोपवण्यात येत आहे. मागण्या त्याच्याकडे नोंदवाव्यात.' या वेळी मी अंगठा दिला नाही. बायकोने माझ्या फोनवरून दिला.

मागण्या त्याच रात्री सुरू झाल्या. दाजींना रक्तदाब मोजायचं यंत्र हवं आहे, घरचं चालेल म्हणतात. वहिनीला पायांच्या मालिशचं, बायकोकडे आहे त्याहून मोठं. आणि आत्याने चाकांची खुर्ची लिहून दिली आहे. आत्या अजून रोज पहाटे मिस्सेला चालत जाते आणि चालत येते, वाटेत बाजार करते. मी तिला फोन करून विचारलं, खुर्ची कशाला?

"लागेल तेव्हा धावपळ नको," ती म्हणाली. "आणि घडीची बघ हं. पलंगाखाली जागा कमी आहे, तिथे तसबिरी आहेत."